मदत हवी आहे: डेलावेअरच्या चान्सरी कोर्टात कलम 220 खाली कागदपत्रं मागताना

मंडळी, कंपनी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातली, भागधारक पुण्यात. गुंतवणुकीच्या नव्या फेरीत त्याच्या शेअर्सचा टक्का घसरला, संचालक मंडळाचा ठराव मात्र कुणी दाखवत नाही. भरपाई आत्ता मागायची नाही, कलम 220 खाली (डेलावेअरच्या कंपनी कायद्यातला, भागधारकाला कंपनीची कागदपत्रं पाहायचा हक्क) नुसती कागदपत्रं हवीत. नुसते पैसेच हवे असते तर चान्सरीत (डेलावेअरमधलं, कंपन्यांचे वाद ऐकणारं कोर्ट) जाण्यात अर्थ नव्हता, तो विषय सुपीरियर कोर्टाचा. चान्सरीत ज्युरी नसते, निकाल चान्सलर किंवा व्हाइस चान्सलर, म्हणजे तिथले न्यायाधीश, देतात.

मागणीपत्र तयार आहे: लेखी, शपथेवर, पत्ता कंपनीच्या डेलावेअरमधल्या नोंदणीकृत कार्यालयाचा, सोबत मालकीचा पुरावा. वकिलामार्फत पाठवायचं म्हणून मुखत्यारपत्रही जोडलंय. ते राहिलं की कंपनी पहिला आक्षेप तिथेच घेते. 5 कामकाजाच्या दिवसांत उत्तर नाही आलं तर दावा.

अडचण दोन ठिकाणी आहे.

पहिली, हेतूचं वाक्य. मार्च 2025 च्या दुरुस्तीनंतर हेतू आणि मागितलेली कागदपत्रं नेमकेपणाने सांगावी लागतात. "गैरव्यवहाराचा संशय" एवढंच लिहून भागणार नाही. ठरावाची तारीख, शेअरचा भाव, कुठल्या संचालकाचा हितसंबंध, एवढं पुरतं का?

दुसरी, मंडळाच्या सभेचं इतिवृत्तच लिहिलेलं नसेल तर? अशा वेळी कोर्ट पर्यायी नोंदी देववू शकतं. ईमेल मागायचे ते पहिल्याच पत्रात, की कंपनीने "इतिवृत्त नाही" असं लेखी कळवल्यावर?

आणि खोटं ठरल्यास शिक्षेस पात्र, असं अमेरिकी कायद्याखालचं प्रतिज्ञापन चालतं ना? की नोटरी लागतेच? अलीकडे अशी मागणी पाठवलेल्यांनी कृपया सांगा.