सार्वकालिक जीवन कुठून येतं? शिकवणाऱ्यांचे आणि सेवेकऱ्यांचे अनुभव (ठाणे–नवी मुंबई)

धागाकर्ती

ख्रिस्ती श्रद्धेत आत्मिक आणि सार्वकालिक जीवनाचा उगम एकच, येशू ख्रिस्त. हे आपल्याकडे तिसरीतल्या पोरालाही पाठ असतं, आणि तिथेच घोडं अडतं. पाठ असतं, उमगलेलं नसतं. म्हणून वर्ग घेणारे, बाप्तिस्मा देणारे, वेदी लावणारे, आजाऱ्यांकडे जाणारे अशा सगळ्यांना मुद्दाम बोलावलंय. साक्ष नको, ती रविवारी ऐकतोच. कामाची रीत लिहा: काय, किती, कुठल्या क्रमाने आणि कुठे फसतं. पंथ कुठलाही चालेल. वाद झाला तर वचनाला धरून.

घरसंगती चालवणारा, घणसोली

सुरुवात योहानाच्या शुभवर्तमानातल्या ३:१६ पासून करू नका. ते वचन इतकं ओळखीचं आहे की माणसं ऐकायचंच थांबवतात. पहिली संध्याकाळ उत्पत्तीला द्या. २:७ मध्ये देव नाकपुड्यांत श्वास फुंकतो तेव्हा मातीचा माणूस जिवंत होतो. ३:२२-२४ मध्ये जीवनाच्या झाडाकडची वाट बंद होते. म्हणजे माणसाकडे जीवन होतं ते दिलेलं होतं, स्वतःचं नव्हतं. एवढं बसलं की मग योहान. आमचा क्रम असा: १:१-१८, ३ (निकदेम), ४ (शोमरोनी स्त्री), ५:१९-२९, ६, ११, १५, १७:१-५. प्रत्येकाला एक संध्याकाळ, सहाव्या अध्यायाला दोन. त्यात ७१ वचनं आहेत, एका बैठकीत रेटलं तर भाकरीच्या चमत्कारातच वेळ संपतो आणि ४० नंतरचा अवघड भाग राहून जातो. शेवटी २०:३१ वाचून घ्या, शुभवर्तमान कशासाठी लिहिलं ते योहानानेच तिथे सांगितलंय.

सगळ्यांत दुर्लक्षित वचन ५:२६. पित्याच्या ठायी जसं स्वतःचं जीवन आहे तसं पुत्राच्याही ठायी आहे. बाकी सगळ्यांचं जीवन उसनं. अख्खा विषय या एका वचनावर उभा आहे आणि प्रवचनात ते क्वचितच येतं.

दोन गैरसमज हटकून येतात. एक, ‘आत्मा मुळातच अमर, त्यात येशूने वेगळं काय दिलं?’ आपल्याकडे ‘नैनं छिन्दन्ति शस्त्राणि’ कानावरून गेलेलं नाही असा माणूस विरळा. त्याला खोडायला जाऊ नका, दोन्ही मतं शेजारी ठेवा. तिथे आत्मा स्वभावतःच अविनाशी. इथे शरीरासकट पुनरुत्थान, आणि तेही देवाचं दान (रोमकरांस ६:२३). दुसरा गैरसमज ‘ते मेल्यानंतरचं’. त्यावर ५:२४. ऐकून विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात आधीच पार गेलाय, असं वचन म्हणतं.

वेळेचं सांगतो. रबाळे-महापेच्या शिफ्टवाल्यांना सव्वाआठच्या आधी जमत नाही आणि सोसायटीत साडेनऊनंतर गाणी चालत नाहीत. त्यामुळे दोन गाणी, चाळीस मिनिटं वचन, उरलेला वेळ प्रश्नांना. प्रश्न काटले की पुढच्या आठवड्यात माणसं कमी.

संडे स्कूल शिक्षिका, ठाणे पूर्व

योहान १५ शिकवताना तोडलेली फांदी दाखवायची पद्धत जुनी आहे. फक्त मनी प्लांट घेऊ नका! सगळ्यांच्या खिडकीत तोच असतो, म्हणून हमखास तोच आणला जातो. पण तोडलेला मनी प्लांट पाण्यात मुळं धरतो आणि वेलापासून तुटूनही मजेत जगतो. चौथीतली मुलं हे बरोबर पकडतात आणि धडा उलटा फिरतो.

जास्वंदीची कोवळी फांदी घ्या, कळीसकट. उपासनेआधी तोडून वर्गात कोरडीच ठेवा. तासाभरात पानं लोळतात, देठ मऊ पडतो, पण कळीचा रंग अजून तसाच ताजा दिसतो. मुलांना तीच कळी हातात द्या आणि विचारा, ही जिवंत आहे का? उत्तरं दोन्हीकडून येतात. मग १५:४-६ वाचा. शेजारी कुंडीतली न तोडलेली फांदी हवीच. तुलना नसेल तर मुलांच्या मनात फक्त ‘तोडलं की मरतं’ ही भीती उरते आणि ‘माझ्यामध्ये राहा’ हे आमंत्रण निसटतं.

मोठ्या मुलांना छाटणीही सांगा. नाशिककडे द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. १५:२ मधली फळ देणाऱ्या फाट्याची छाटणी आपल्या मुलांना त्यावरून लगेच कळते. ज्यांचे आजोळ निफाड-दिंडोरीकडे, ती तर आपल्यालाच शिकवतात.

प्रौढांची बाप्तिस्म्याची तयारी घेणारी, कॅथलिक, वाशी

आमच्याकडे हा विषय वर्गापेक्षा विधीतून जास्त पोचतो, असं माझं स्पष्ट मत. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी उमेदवारांची निवड होते. मग तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी त्यांच्यासाठी परीक्षण-प्रार्थना, आणि वाचनं ठरलेली: शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस, लाजर. पाणी, प्रकाश, जीवन. हा क्रम पुरातन आहे आणि त्यात भर घालायची गरज नसते. आपण उगाच पॉवरपॉइंट करतो.

मग ईस्टरच्या आदल्या रात्रीची जागरण-मिस्सा (उपासना). नियम असा की ती अंधार पडल्यावरच सुरू व्हावी. एप्रिलमध्ये आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास मावळतो, साडेसातच्या आत नीट अंधार नसतो. शेवटच्या ट्रान्स-हार्बर गाड्यांच्या काळजीने विधी संधिप्रकाशात उरकला तर अग्नीचं आणि मेणबत्तीचं काहीच उरत नाही. वेळ वाचवायचा तर वाचनांत वाचवा. जुन्या करारातली सात वाचनं आहेत, अडचण असेल तर तीनपर्यंत उतरता येतं. निर्गम १४ (समुद्र दुभंगतो तो भाग) मात्र कधीच गाळायचं नाही.

पास्काची (ईस्टरची) मेणबत्ती खऱ्या मेणाची आणि दरवर्षी नवी. तेल भरलेली प्लास्टिकची नळी चालत नाही. तिच्यावर क्रूस, अल्फा, ओमेगा, चालू वर्षाचे चार आकडे आणि धुपाचे पाच खडे. खडे बसवायची भोकं आदल्या दिवशी गरम सुईने करून ठेवा, नाहीतर ऐन वेळी मेण तडकतं. पाणी आशीर्वादित करताना ही मेणबत्ती पाण्यात बुडवतात, एकदा किंवा तीनदा. पुनरुत्थित ख्रिस्ताकडून पाण्यात जीवन उतरतं, हे त्याहून थेट कसं दाखवणार? पंखे बंद ठेवावे लागतात, त्यामुळे उकडतं. लोकांच्या हातातल्या मेणबत्त्यांना कागदी कप लावा, मेणाने भाजल्याच्या तक्रारी थांबतात.

पास्टर, ऐरोली

ताई, विधी सुंदर आहे, पण आमची शिकवण वेगळी. बाप्तिस्म्याचं पाणी जीवन देत नाही. जीवन विश्वासाने ख्रिस्ताकडून मिळालेलं असतं, पाणी ते जाहीर करतं. म्हणून आधी विश्वास, नंतर बुडवणं. रोमकरांस ६:४: त्याच्याबरोबर पुरलं जाणं आणि उठणं.

टाकीचा हिशेब. ६ फूट लांब, ४ फूट रुंद, ३.५ फूट पाणी, म्हणजे साधारण २,४०० लिटर. दहा हजारांच्या टँकरचा पाव भाग. फोल्डिंग टाकी कमर्शियल इमारतीच्या वरच्या मजल्यावर लावू नका. दर चौरस मीटरला टनाहून थोडं जास्त वजन येतं, आणि ऑफिसचा स्लॅब साधारण त्याच्या निम्म्याहूनही कमी भारासाठी बांधलेला असतो. तळमजला किंवा उघडी जागा बघा. टाकीत उतरायच्या पायरीवर रबरी मॅट. वायरचा माइक पाण्याजवळही नको, पाण्यातल्या माणसाला विजेचा धक्का जिवावर बेततो.

उमेदवाराने गडद, जाड कपडे घालावेत. हात छातीवर, एका हाताने नाक धरलेलं, गुडघे वाकवून मागे झुकायचं. गुडघे ताठ ठेवले की पाय वर येतात आणि माणूस घाबरून धडपडतो. तुमचा एक हात त्याच्या पाठीवर मानेखाली, दुसरा त्याच्या मनगटावर. पूर्ण बुडला की लगेच वर. पाण्याखाली धरून लांब प्रार्थना करणारे पाहिलेत, कृपा करून करू नका.

सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीचा सभासद, ठाणे

वरच्या दोन्ही मतांना आमच्या एकाच छताखाली जागा आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा मंडळ्या एक झाल्या तेव्हा बालकांचा बाप्तिस्मा आणि विश्वास कबूल केल्यावरचा बाप्तिस्मा, दोन्ही मान्य केले गेले. अडचण पुनर्बाप्तिस्म्याची येते. लहानपणी झालेला माणूस ‘आता मला खरा हवा’ म्हणतो. त्याला बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत, समजवावं लागतं: जीवन ख्रिस्ताकडून आहे, त्या दिवशी तुला आठवण किती होती यावर नाही.

प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या) रसाचं लिहितो, कारण त्यात गोंधळ फार. बाजारचं द्राक्ष सरबत नको, त्यात बहुतेकदा रंग आणि साखरच. अर्धा किलो काळ्या मनुका धुवा, दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी त्याच पाण्यात वीसेक मिनिटं उकळा, कुस्करून दुहेरी मलमलीतून गाळा. लिटरभर रस निघतो. छोटे पेले १५ मिलीचे धरले तर साठ-पासष्ट जणांना पुरतो. मे महिन्यात तो शनिवारी सकाळी करून बाहेर ठेवला तर रविवारी फेसाळतो. शनिवारी रात्री करा, फ्रिजमध्ये ठेवा.

वेदीसेवक, कॅथलिक, ठाणे पश्चिम

आमच्याकडे मनुकांचा रस चालणार नाही. द्राक्षाचा शुद्ध, न बिघडलेला वाइन आणि त्यात थेंबभर पाणी. भाकर फक्त गव्हाची, बिनखमिराची. सध्या वारंवार विचारतात म्हणून: ग्लुटेन अजिबात नसलेली होस्ती (मिस्सेतली पातळ भाकर) वैध नाही, कमी ग्लुटेनची चालते. २०१७ मध्ये रोमने हे पुन्हा स्पष्ट केलंय. सिलिअॅकच्या रुग्णाला तीही सोसत नसेल तर नुसतं प्याल्यातून घ्यावं. दोन्हींपैकी एकातही संपूर्ण ख्रिस्त आहे, त्यामुळे त्याला अर्धं मिळालं असं होत नाही. फक्त त्याचा पेला वेगळा ठेवा, ज्यात होस्तीचा तुकडा टाकलेला नाही असा. हे फादरना मिस्सेआधी सांगायचं, रांगेत नाही.

मुक्तिफौजेतली, कल्याणहून

हद्द ओलांडून लिहितेय, खपवून घ्या. आमच्यात, म्हणजे साल्व्हेशन आर्मीत, बाप्तिस्माही नाही आणि प्रभुभोजनही नाही. नवख्याला वाटतं, मग यांचं ख्रिस्तीपण कशात? जीवन पवित्र आत्म्याकडून थेट मिळतं, कुठल्याही बाह्य विधीवर ते अडलेलं नाही, ही आमची भूमिका. दुसऱ्यांच्या विधींना नावं मात्र ठेवत नाही.

अॅडव्हेंटिस्ट वर्गशिक्षक, कोपरखैरणे

घणसोलीकरांच्या ‘आत्मा मुळातच अमर’ या गैरसमजाच्या मुद्द्याला जोड. आम्ही त्याच्याही पुढे जातो. अमरत्व फक्त देवाला (१ तीमथ्य ६:१६), म्हणून मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत निद्रेत आहे (उपदेशक ९:५). हे कॅथलिक किंवा सी.एन.आय. घरात नुकतं कुणी गेलं असताना सांगायला बसू नका. शिकवण खरी वाटते म्हणून वेळ योग्य होत नाही.

आजाऱ्यांना कम्युनियन नेणारी, कॅथलिक, नेरूळ

याच्याशी सहमत. मरणाच्या दारात वाद नको, तयारी हवी. आणि तयारीतली सगळ्यांत मोठी चूक म्हणजे उशीर. ‘फादरना बोलावलं तर पेशंट खचेल’ म्हणून घरचे थांबतात आणि शेवटी श्वास थांबल्यावर फोन करतात. तैलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) जिवंत माणसासाठी आहे, मृतासाठी नाही. मोठ्या ऑपरेशनआधीही घेता येतो. प्रवासाची शिदोरी म्हणून दिलं जाणारं शेवटचं कम्युनियन (प्रभुभोजन) वेगळं, आणि खरं तर मरणाऱ्याचा संस्कार तोच. योहान ६:५४ त्यासाठीच वाचतात: जो खातो त्याला मी शेवटल्या दिवशी उठवीन.

घरी काय ठेवायचं: स्वच्छ पांढरं कापड घातलेलं छोटं टेबल, क्रूस, एक मेणबत्ती, पेलाभर पाणी आणि चमचा. ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती पेटवायची नाही. गिळता येत नसेल तर होस्तीचा अगदी कणभर तुकडा चमचाभर पाण्याबरोबर. नळी घातलेल्या पेशंटच्या बाबतीत आधी नर्सला विचारा. आजाऱ्याला आणि त्याची सेवा करणाऱ्याला तासाभराच्या उपवासाची अट नाही.

दहनाबद्दलही विचारतात. १९६३ पासून परवानगी आहे. मात्र रक्षा विसर्जित करणं, विखुरणं किंवा घरात ठेवणं नको, असं २०१६ च्या सूचनेत आहे. दफनभूमीत किंवा चर्चच्या कोनाड्यात ठेवायची. शरीर उठणार आहे ही श्रद्धा त्यामागे आहे, म्हणून ‘खाडीत सोडू’ म्हणणाऱ्या नातलगांना हे आधीच सांगून ठेवा.

वाचक, कळवा

नवजात बाळ एनआयसीयूत असेल आणि फादर पोचत नसतील तर?

आजाऱ्यांना कम्युनियन नेणारी, कॅथलिक, नेरूळ

बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. आई, बाबा, नर्स, बाप्तिस्मा न झालेली व्यक्तीसुद्धा. चर्च जे करतं तेच करायचा हेतू हवा. साधं स्वच्छ पाणी. इनक्युबेटरमध्ये नर्सच्या परवानगीने निर्जंतुक पाणी सिरिंजमध्ये घ्या, मिली-दोन मिली पुरतं. कपाळावर वाहील असं तीनदा घाला, नुसतं ओलं बोट टेकवू नका. घालता घालता म्हणायचं: ‘(नाव), मी तुला पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.’ देणारी बाई असेल तर ‘देते’. ‘मी’च म्हणा. २०२० मध्ये रोमने ‘आम्ही’ म्हणून दिलेले बाप्तिस्मे अवैध ठरवले, कारण देणारा ख्रिस्त आहे, जमलेले नातलग नाहीत. तारीख, वेळ, देणाऱ्याचं आणि एका साक्षीदाराचं नाव कागदावर लिहून आपल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कार्यालयात द्या, रजिस्टरमध्ये नोंद होते. बाळ बरं झालं की उरलेले विधी चर्चमध्ये होतात, पाणी पुन्हा घालत नाहीत.