आईची लघवी पूर्ण होत नाही, संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. कोणत्या सवयी बदलाव्यात?

सातारकर :
माझ्या आईचे वय 64 असून तिला मधुमेह आहे. मूत्रमार्गाचा संसर्ग तिला वारंवार होतो, आणि लघवीला जाऊन आल्यानंतरही मूत्राशयात सुमारे 120 मिली लघवी शिल्लक राहते, असे सोनोग्राफीच्या अहवालात म्हटले आहे. गुडघेदुखीमुळे ती कमोड वापरते आणि जळजळीच्या भीतीने पाणी कमी पिते. औषधोपचार चालू आहेत. रोजच्या सवयींविषयी मार्गदर्शन हवे आहे.

निवृत्त परिचारिका :
आई कमोडवर कशा बसतात, हे प्रथम पाहावे. ठेंगण्या व्यक्तीचे पाय अधांतरी राहिले, तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडत नाहीत आणि धार मध्येच थांबते. म्हणून पायांखाली पक्का, न घसरणारा पाट ठेवावा, किंचित पुढे झुकून कोपरे मांड्यांवर टेकवावीत आणि मुळीच कुंथू नये. धार थांबल्यावर लगेच न उठता अर्धा मिनिट थांबून, किंवा उभे राहून चार पावले टाकून, पुन्हा बसावे. या दुसऱ्या खेपेला पुष्कळदा उरलेली लघवी बाहेर पडते. प्रवासात अस्वच्छ कमोडवर न टेकता अधांतरी बसण्याची सवय अनेकींना असते, तिचाही परिणाम हाच होतो. दीर्घकाळच्या मधुमेहात मूत्राशय भरल्याची जाणीव बोथट होऊ शकते, त्यामुळे त्यांनी भावना होण्याची वाट न पाहता दर तीन तासांनी जावे.

विदर्भवासी :
पाणी कमी पिणे उलट अंगाशी येते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायल्यावर संसर्गाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. त्या स्त्रियांची पाळी अजून गेलेली नव्हती, हे मात्र ध्यानात ठेवावे. आणि हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

माधवी :
बद्धकोष्ठतेकडे दुर्लक्ष करू नये, कारण मलाने भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते. बहुतेक संसर्ग आतड्यातल्याच ई. कोलाय या जिवाणूमुळे होतात आणि स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो. म्हणून धुताना हात व पाण्याची धार पुढून मागे जावी. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घटते व योनीमार्गातले संरक्षक जिवाणू कमी होतात. यासाठी स्थानिक इस्ट्रोजेन मलम मिळते, त्याबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना अवश्य विचारावे. सर्दीच्या काही गोळ्यांनीही लघवी तुंबते, हे सहसा कोणी सांगत नाही.

सातारकर :
सर्वांचे आभार. आईचे पाय खरोखरच जमिनीला टेकत नाहीत. त्रास सुरू झाला की घरात उरलेली प्रतिजैविके ती लगेच घेते, ते चालेल का?

निवृत्त परिचारिका :
चालणार नाही. आधी लघवीच्या मधल्या धारेचा नमुना कल्चर तपासणीला द्यावा, म्हणजे कोणते औषध लागू पडेल हे कळते. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणे किंवा उलट्या असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. 120 मिलीचा आकडाही पाट आणि वेळापत्रक सुरू केल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा मोजून घ्यावा. तो तसाच राहिला, तर मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवावे.