निळी आर्चटॉप घेऊ का? मदत हवी आहे

मंडळी, एक वापरलेली आर्चटॉप, म्हणजे फुगीर, कमानदार माथ्याची गिटार मिळतेय, चक्क निळी! एरवी या गिटारी म्हणजे तपकिरी सनबर्स्ट (मधे उजळ, कडेला गडद होत जाणारा रंग), व्हायोलिनच्या थोरल्या बहिणी. पण गिटार बनवणाऱ्या जिमी डी'ॲक्विस्टोची निळी गिटार पाहून स्कॉट चिनरी या संग्राहकाने 22 कारागिरांकडून 18 इंच रुंद निळ्या आर्चटॉप करवून घेतल्या, हे वाचल्यापासून हा रंग डोक्यात बसलाय. घरचे म्हणतात, बँडवाल्याची वाटते. वाटू दे.

अडचण अशी, की एफ-होलच्या (माथ्यावरच्या f आकाराच्या भोकाच्या) कडेला निळा रंग हिरवट दिसतोय. वरचं नायट्रो लॅकर (रंगावरचा पारदर्शक लेप) वयाने पिवळं पडलंय म्हणून, की मागाहून कुणी रंगाचा हात मारलाय? आतलं लाकूड कोरंच आहे. लॅकर न खरवडता हे कसं ओळखायचं? शनिवारी पुन्हा बघायला जातोय.