लॉनवरचं लग्न आणि कॅमेऱ्याबाहेरचा फ्लॅश

मानेवाडा_क्लिक:
नमस्कार मंडळी. तुळशीचं लग्न झालं की पहिलीच ऑर्डर आहे, वर्धा रोडच्या लॉनवर, गोरज मुहूर्त. कॅमेऱ्यावर फ्लॅश लावला की चेहरे सपाट येऊन राहिले, मागे सगळा अंधार. हॉलमध्ये छतावर मारून काम भागतं, लॉनवर छतच नाही. आता दोन फ्लॅश, ते दुरून पेटवणारा ट्रिगर आणि स्टँड घेतले. ते लावू कुठे?

इतवारी_स्टुडिओ:
भाऊ, अंतरपाटापासून सुरुवात करा. बाकी विधीत चूक झाली तर सावरता येते, तो क्षण पुन्हा येत नाही.

माझ्या सुरुवातीच्या एका लग्नात मी एकच फ्लॅश नवऱ्याच्या बाजूला लावला होता. मंगलाष्टकं संपेपर्यंत अंतरपाटाची सावली नवरीच्या तोंडावर. तिच्या आईने अल्बम उघडला, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून दोघांच्या बाजूंना एकेक स्टँड, थोडा पुढे, आठ-नऊ फूट उंच. नवरीमागे मामा उभा असतो, त्याच्या डोक्यावरून उजेड आला पाहिजे. पांढरा पाट आपल्या बाजूचा उजेड चेहऱ्यावर परत टाकतो. पाट खाली आला की नवऱ्याकडचा फ्लॅश नवरीचा चेहरा उजळतो, नवरीकडचा नवऱ्याचा.

स्टँड जवळ ठेवू नका. फ्लॅशपासून नवरा चार फुटांवर आणि नवरी आठ फुटांवर असेल, तर तिच्यावर नवऱ्याच्या मानाने चौथा हिस्साच उजेड पडतो. तोच बारा फुटांवर नेला तर नवरी सोळा फुटांवर येते आणि निम्म्याहून जास्त मिळतो.

आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) १६००, लेन्सचं छिद्र एफ ४, शटर १/१०० सेकंद, फ्लॅशची ताकद १/१६ पासून सुरू करा. मागची रोषणाई कमी वाटली तर शटर १/५० करा, चेहऱ्यावरच्या फ्लॅशला त्याने फरक पडत नाही. आपल्या विजेवर स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, वेगवान शटरने फोटोत पट्टे येतात. आणि रोषणाई पिवळी असेल तर फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावाच, नाहीतर हळदीचं अंग निळसर दिसतं.

धरमपेठ_पोर्ट्रेट:
दादांशी सहमत. फक्त स्टँडच्या पायात वाळूची पिशवी बांधा. अक्षता पडल्या की पाहुणे पुढे धावतात, लहान मुलं तर स्टँडखालूनच जातात. मी नागपूरच्या फुटाळा तलावावर सूर्यास्ताचे पोर्ट्रेट काढते, तिथेही वाऱ्याने फ्लॅशची छत्री उलटते, म्हणून मदतनीस धरूनच ठेवतो. सेल साधे नको, रिचार्जेबल घ्या, जोडी जास्तीची.

मानेवाडा_क्लिक:
खूप आभार जी. नवरीच्या वडिलांना जाड चष्मा आहे. काचेत फ्लॅश चमकला तर?

इतवारी_स्टुडिओ:
फ्लॅश आणखी उंच करून बाजूला सरकवा, आणि त्यांना हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगा. कन्यादानात ते खालीच पाहत असतात. तिथे काहीच सांगू नका, नुसतं थांबा.