एका गावची पोरं एकाच पलटणीत घालणं चूक होतं का? (३१ वी डिव्हिजन, सेर, १ जुलै १९१६)

पायवाट (धागाकर्ता):

महिनाभर पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश ३१ व्या डिव्हिजनबद्दल वाचतोय. एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून इथे मांडतो.

ही डिव्हिजन स्वयंसेवकांची. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटनचा युद्धमंत्री किचनरने पहिल्या एक लाख माणसांची हाक दिली. २८ ऑगस्टला लॉर्ड डर्बी या लँकेशायरच्या बड्या उमरावाने लिव्हरपूलमध्ये लोकांना सांगितलं, की मित्रामित्रांनी मिळून नाव घाला, तुम्हाला एकाच पलटणीत ठेवू. म्हणून या पलटणींना ‘पॅल्स’ म्हणतात, म्हणजे दोस्तांच्या पलटणी. ३१ व्या डिव्हिजनमध्ये लीड्स आणि ब्रॅडफर्डचे लोक होते, बार्न्सलीचे खाणकामगार होते, डर्हमची एक पलटण होती. शेफील्डच्या पलटणीत विद्यापीठातले विद्यार्थी आणि कचेऱ्यांतले कारकून होते. हल शहराने चार पलटणी दिल्या: व्यापारी-कारकुनांची एक, कारागिरांची एक, खेळाडूंची एक, आणि चौथीचं नावच ‘बाकीचे’. ॲक्रिंग्टन हे सुमारे ४५,००० वस्तीचं गिरणगाव. तिथल्या महापौराने दहा दिवसांत पलटण उभी केली.

आधी इजिप्तमध्ये सुएझ कालव्याची राखण, मग मार्च १९१६ मध्ये फ्रान्स. १ जुलैला, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, सकाळी साडेसातला उत्तर फ्रान्समधल्या सेर गावावर हल्ला. ॲक्रिंग्टन पलटणीचे साधारण ७२० जण खंदकातून वर आले. त्यांतले ५८४ ठार, जखमी किंवा बेपत्ता, आणि तेही बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात. शेफील्डच्या पलटणीचे पाचशेहून अधिक गेले. डिव्हिजनचे मिळून सुमारे ३,६००.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. लढाईत माणसं मरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण सरकारने दोस्तीचा भरतीसाठी वापर केला आणि त्याची किंमत एकेका गल्लीने एका दिवसात मोजली. हे करायला नको होतं.

जुना_नकाशा:

असहमत. आकडे बरोबर आहेत, पण दोष भलत्याच ठिकाणी ठेवलाय.

सेरला हल्ला फसला तो तोफखान्यामुळे. सात दिवस भडिमार करूनही काटेरी तार पुरती तुटली नव्हती आणि जर्मन १६९ वी रेजिमेंट खोल तळघरांत शाबूत होती. त्यात जनरल हंटर-वेस्टनच्या कोअरने (३१ वी डिव्हिजन तिच्यातच होती) दक्षिणेला हॉथॉर्न टेकडीखालचा सुरुंग हल्ल्याच्या दहा मिनिटं आधी, ७.२० ला उडवला. १८ टनांहून जास्त दारू. जड तोफांनीही पुढच्या खंदकांवरचा मारा तेव्हाच उचलला. म्हणजे शत्रूला मशीनगन वर आणून मांडायला दहा मिनिटं आयती मिळाली. समोर एका आळीची पोरं आहेत की दहा जिल्ह्यांतली, याच्याशी त्या मशीनगनचा काय संबंध?

आता त्याच दिवशी आघाडीच्या दक्षिणेच्या टोकाला काय झालं ते बघा. ३० व्या डिव्हिजनने माँतोबाँ गाव घेतलं. ती डिव्हिजन कोणाची? लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या पॅल्सची! डर्बीने ज्यांना शब्द दिला तीच पोरं. त्यांच्या बाजूला फ्रेंचांच्या जड तोफा होत्या आणि समोरची तार तुटलेली होती. माणसं त्याच प्रकारची, भरतीची रीतही तीच.

दिवेलागण:

जुना_नकाशा, हल्ला का फसला हे तुम्ही छान समजावलंत. पण धाग्याचा प्रश्न तो नाही. हल्ला फसल्यावर गावाचं काय झालं, हा आहे.

ॲक्रिंग्टनला आधी नुसत्या अफवा आल्या. मग पत्रं, मग वर्तमानपत्रात रोज फोटो. खरं काय ते सांगा म्हणून लोकांनी महापौराच्या घराला गराडा घातला असं सांगतात. रस्त्यात घरामागून घर खिडक्यांचे पडदे ओढलेले. सैन्यात रोज माणसं मरतात, पण ती विखुरलेल्या घरांतली असतात, शेजारीण येऊन बसते, डबा आणून देते. इथे शेजारणीच्याच घरी तसंच पत्र आलेलं. सांत्वनाला जायचं कोणी?

आणि दोस्ती म्हणजे बळ, असं कोणी म्हणण्याआधीच सांगते: ब्रॅडफर्डच्या एका पलटणीतले दोघे हल्ल्याच्या आदल्या दिवशी दारू पिऊन मागे राहिले, नंतर स्वतःहून हजर झाले. ५ सप्टेंबर १९१६ ला दोघांना गोळ्या घातल्या. माफी मिळायला २००६ साल उजाडलं. सरकारने दोस्तांना एकत्र ठेवायचा शब्द दिला होता, तो असा पाळला.

साताऱ्याकडचा:

मी थोडं वेगळं सांगतो. आमच्याकडे अपशिंगे आहे, लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण मेले. आपल्याकडेही एका जातीची, एका मुलखाची माणसं एका कंपनीत घालायचीच रीत होती. इराकमधल्या कूटच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. तिथेही उपासमारीत शेजारी शेजारी बसलेले गाववालेच असणार.

मला ते चूक वाटत नाही. परमुलखात, चिखलात, आपली बोली बोलणारा कोणीतरी बाजूला असणं ही लहान गोष्ट नाही. घरी जखमी अवस्थेतला निरोप नेणारा कोणीतरी असतो. त्या माणसांना निवडायला दिलं असतं तर बहुतेकांनी हेच निवडलं असतं. पॅल्सना तर खरंच निवडायला मिळालं होतं, सक्तीची भरती जानेवारी १९१६ च्या कायद्याने आली.

मला चूक वाटते ती पुढची. आपल्या गावांत युद्धाला गेलेल्यांच्या स्मरणार्थ पाट्या असतात, त्यांवर सहसा नुसता आकडा असतो: इतके गेले, त्यांतले इतके मेले. ॲक्रिंग्टनच्या प्रत्येक पोराचं नाव कुठे ना कुठे दगडावर आहे. दुःख एकवटलं म्हणून तरी त्यांची आठवण राहिली.

पायवाट:

३० व्या डिव्हिजनचा मुद्दा मान्य. पराभवाचं कारण भरतीची रीत नव्हती, हे मी आधीच लिहायला हवं होतं.

पण ‘निवडायला मिळालं’ हे मला पटत नाही. १९१४ च्या उन्हाळ्यात लँकेशायरचा कापडधंदा मंदीत होता, गिरणीकामगारांच्या हाताला काम नव्हतं. सैन्यात पगार आणि जेवण होतं. शिवाय गल्लीतली सगळी पोरं निघाल्यावर घरी राहणाऱ्याला लोक काय म्हणत असतील? ज्याला आपण दोस्तीचं बळ म्हणतो तेच बळ त्याला ढकलत होतं. डर्बीला हे चांगलं कळत होतं, म्हणूनच ही कल्पना इतकी चालली.

जुना_नकाशा:

ढकलत होतं, हे खरं. इथे मी माघार घेतो.

पण डिव्हिजनची गोष्ट १ जुलैला संपवू नका, हे मला फार लागतं. हलची ब्रिगेड त्या दिवशी राखीव होती, ती १३ नोव्हेंबरला त्याच सेरजवळ लढली. ३ मे १९१७ ला ओपी जंगलात केलेल्या कामगिरीसाठी हलच्या जॅक हॅरिसनला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो रग्बी लीगचा नावाजलेला खेळाडू. २८ जून १९१८ रोजी ‘ला बेक’ इथे याच डिव्हिजनने ५ व्या डिव्हिजनबरोबर साफ यशस्वी हल्ला केला. हे कोणी आठवत नाही.

आणखी एक. ‘ॲक्रिंग्टनची पलटण’ म्हणताना आपण चोर्लीला विसरतो. त्या पलटणीतली एक अख्खी कंपनी चोर्लीची होती, दुसरी बर्न्लीची. नाव मात्र ॲक्रिंग्टनचं. चोर्लीच्या लोकांनी आपल्या पॅल्सचं स्मारक २०१० मध्ये उभारलं, म्हणजे ९४ वर्षांनी. साताऱ्याकडचा म्हणतात ती एकवटलेली आठवणसुद्धा सगळ्यांच्या वाट्याला आली नाही.

दिवेलागण:

चोर्लीचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

ला बेकचा हल्ला कोणी केला तेही जोडते. फेब्रुवारी १९१८ मध्ये शेफील्डची पलटण मोडली, ब्रॅडफर्डच्या दोन्ही मोडल्या. उरलेले लोक इकडेतिकडे वाटून टाकले. १ जुलैला ॲक्रिंग्टन, शेफील्ड आणि बार्न्सलीच्या पलटणी ज्या ९४ व्या ब्रिगेडमध्ये होत्या, तिचा क्रमांक जून १९१८ मध्ये तोच होता, पण तिच्यात पॅलेस्टाइनहून आलेल्या डिव्हिजनच्या तीन पलटणी होत्या, नॉरफोक, स्कॉटलंड आणि वेल्सच्या.