नवरदेवाचं गाऱ्हाणं: ‘टोस्ट’ला हा शब्द चालेल का?

वेंगुर्लेकर मावशी: भाच्याचं लग्न आमच्या गावी, वेंगुर्ल्याला आहे. मुलगी इंग्लंडची. त्यांच्यात जेवणावळीत आधी मुलीचे वडील बोलतात, सगळे पेले उंचावतात, मग नवरदेव उठून आभार मानतो आणि करवल्यांच्या नावाने पेला उचलतो. भाच्याला हे मराठीतही बोलायचंय, कारण निम्मा मांडव आमच्या भावकीचा. मसुदा माझ्याकडे आलाय. ‘शुभेच्छा’ लिहिलं तर सगळ्यांनी मिळून साद देणं त्यात येत नाही, म्हणून मी ‘नवरदेवाचं गाऱ्हाणं’ लिहिलं. पुण्याच्या जाऊबाई म्हणाल्या, शुभकार्यात तक्रारीचा शब्द कशाला, खोडून टाक. आमच्याकडे तर गाऱ्हाणं घातल्याशिवाय कार्याला हात लागत नाही. काय ठेवू?

देवगडचा मास्तर: मावशी, खोडू नका. जाऊबाई म्हणतात ते गाऱ्हाणं *मांडतात* किंवा *सांगतात*. आपलं गाऱ्हाणं *घालतात*. क्रियापद बदललं की अर्थ बदलतो, हे घाटावर कोणी लक्षात घेत नाही. नारळ ठेवून ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात होते, एकेक मागणं होतं आणि दर मागण्याला जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. टोस्टमध्येही एकजण बोलतो आणि सगळे होकार भरतात. यापेक्षा जवळचा शब्द मला तरी माहीत नाही.

रत्नागिरीची अनुवादक: मास्तर, बोलताना तुमचं बरोबर आहे, पण छापील पत्रिकेत क्रियापद नसतं. नुसतं ‘नवरदेवाचं गाऱ्हाणं’ वाचलं की कोल्हापूरचा पाहुणा दचकणारच. मला हा शब्द ‘गर्हणा’वरून आलेला वाटतो, म्हणजे मुळातच दोष देणं. मी ‘मनोगत’ लिहीन.

देवगडचा मास्तर: मनोगत निवृत्तीच्या समारंभात असतं, ताई. मांडवात नसतं.

स्वभाषाभिमानी: सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, तिथेच त्यांनी भाषाशुद्धीचं काम जोराने केलं. ‘दिनांक’, ‘महापौर’ आज आपण सहज बोलतो. ‘शुभचिंतन’ घ्या किंवा ‘स्वस्तिपान’ घडवा. टोस्ट चहात बुडवायचा असतो.

पेडणेकर: स्वस्तिपान ऐकून आमच्या वाड्यावरचा एक माणूस पेला उचलायचा नाही. पाव, पगार, चावी पोर्तुगिजांकडून आले आणि घरचे झाले. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती लग्नांत कोणीतरी वडीलधारा माणूस टोस्ट म्हणतो आणि तो ऐकताना कोणाला परकं वाटत नाही. टोस्टच ठेवा.

आणि चहाचं म्हणाल तर शब्द तिथूनच आलाय. इंग्रज पूर्वी दारूत भाजलेल्या पावाचा तुकडा टाकत, चवीसाठी. त्याचं मूळ लॅटिनमध्ये, ‘सुकवणे, भाजणे’ या अर्थाचं. त्याच जुन्या धातूपासून संस्कृतात ‘तृष्’ आणि ‘तृष्णा’, आणि तृष्णेवरून आपली ‘तहान’. टोस्ट आणि तहान चुलतभावंडं आहेत. मग शुद्धीकरण कोणाचं करायचं?

स्वभाषाभिमानी: चुलतभावंड असलं म्हणून परका शब्द आपला होत नाही. उद्या याच न्यायाने अख्खं इंग्रजी घरात घ्याल.

आरवलीची लेक: माझा आक्षेप वेगळाच आहे. गाऱ्हाणं देवाला घालायचं असतं. आमच्या वेतोबासमोर ते कोणी घालायचं याचाही मान ठरलेला आहे. नवरदेव स्वतः उठून करवल्यांना गाऱ्हाणं कसं घालील? मुळात आपल्या लग्नात नवऱ्याला बोलायला जागाच नाही. मंगलाष्टकं दुसरे म्हणतात, सावधान भटजी म्हणतात, त्याच्या वाट्याला फक्त नाव घेणं. माझं मत, भाच्याने करवल्यांसाठी चार ओळींचा उखाणा रचावा आणि कोकम सरबताचा पेला उचलावा.

वेंगुर्लेकर मावशी: उखाण्यात बायकोचं नाव हवं ना? करवल्यांची नावं कशी गुंफायची?

अलिबागकरीण: पण ‘करवल्या’ अनेक कशा? आमच्याकडे करवली एकच, नवरा-नवरीमागे कऱ्हा-दिवा घेऊन उभी राहते ती. कऱ्हा धरते म्हणून करवली. तिकडच्या चार-पाच जणी एकसारखे कपडे घालून उभ्या राहतात, त्या पाठराखिणी म्हणा.

आरवलीची लेक: पाठराखीण नवरीबरोबर सासरी जाते, आठवडाभर राहते. या मुली लग्न आटोपून विमानाने परत जाणार. पाठराखीण कशा?

देवगडचा मास्तर: ‘कऱ्हा’वरून ‘करवली’ मला पटत नाही. मधला ‘व’ कुठून आला?

अलिबागकरीण: व कुठून आला ते सांगता येणार नाही, पण हातात कऱ्हा असतो हे मी डोळ्यांनी पाहते. आणि लग्नात बोलायला जागा नाही हेही खरं नाही. आमच्या आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण असते. हळदीपासून प्रत्येक विधीचे धवले ती म्हणते, बाया मागून ओढतात. महदंबेने तेराव्या शतकात कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले, शब्द तोच. मागून साथ हवीच असेल तर गाऱ्हाण्याच्या आधी धवल्यांचा विचार करा.

देवगडचा मास्तर: धवले बायकांनी म्हणायचे. नवरदेव म्हणेल?

अलिबागकरीण: त्याच्या आत्याने म्हणावेत. टोस्ट नवऱ्यानेच द्यायला हवा असं वेंगुर्ल्यात कोणी ठरवलंय?

स्वभाषाभिमानी: ‘धवल’ संस्कृत आहे. हा मला मान्य.