मदत हवी आहे: लिशमॅनिया मॅक्रोफेजच्या पोटात पचत का नाही?

नमस्कार मंडळी, एमएस्सी झूलॉजी, दुसरं वर्ष. सोमवारी काळा आजारवर सेमिनार आहे आणि एकाच ठिकाणी गाडी अडलीये. सँडफ्लाय चावते, लिशमॅनिया डोनोव्हानी हा एकपेशीय परजीवी कातडीत शिरतो, मॅक्रोफेज (जंतू गिळणारी संरक्षक पेशी) त्याला गिळतो, इथवर ठीक. पण एका पुस्तकात लिहिलंय की तो फॅगोसोम (गिळलेला जंतू असतो ती पिशवी) आणि लायसोसोमला (पचवणाऱ्या एन्झाइम्सची पिशवी) एकत्र येऊच देत नाही, आणि दुसऱ्यात सरळ लिहिलंय की तो फॅगोलायसोसोममध्येच, म्हणजे या दोन्ही मिळून झालेल्या पिशवीतच राहतो आणि तिथेच वाढतो. आता दोन्ही खरं कसं असेल? त्यात तिथे पीएच ५ च्या आसपास, वर पचवणारी एन्झाइम्स, मग हा बाबा जगतो कसा?? टॉक्सोप्लाझ्मा या दुसऱ्या परजीवीचंही असंच असतं का? मॅडमना विचारायची सोय नाही, म्हणतील दोन वर्षं काय केलंस.

गवतीचहा:
दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत गं, तू वेळ बघत नाहीयेस. माशीतून येतो तो प्रोमॅस्टिगोट, लांबट, शेपटीवाला, आणि त्याच्या अंगावर लिपोफॉस्फोग्लायकॅनचा (चरबीला जोडलेल्या साखरांच्या साखळ्यांचा) जाड थर असतो. एलपीजी म्हणतात त्याला, सिलिंडरवाला नव्हे. हा थर लायसोसोमचं येऊन मिळणं लांबवतो, म्हणजे कायमचं थांबवत नाही, नुसता वेळ काढतो, आणि तेवढ्यात शरीराची ऊब आणि ॲसिड लागून आतला गडी रूप पालटतो. गोल, २ ते ४ मायक्रॉनचा अमॅस्टिगोट. याच्यावर एलपीजी जवळजवळ नसतंच, कारण आता त्याला लपायचंच नाहीये. बाहेर कितीही आंबट असो, प्रोटॉन बाहेर ढकलून तो स्वतःच्या आतला पीएच न्यूट्रलच्या जवळ ठेवतो आणि त्याचं खाणंपिणं तर आंबट जागीच जास्त जोरात चालतं.

रात्रपाळी:
वरचं बरोबर, पण तो कुठल्या दारातून आत जातो तेही सेमिनारमध्ये घाल. त्याच्या अंगावरचं जीपी६३ हे प्रोटीएज (प्रोटीन कापणारं एन्झाइम) रक्तातल्या सी३बी या संरक्षक प्रोटीनला कापून त्याचं आयसी३बी करतं, मग तो मॅक्रोफेजवरच्या सीआर३ रिसेप्टरमधून आत जातो आणि त्या दारातून गेलं की ऑक्सिडेटिव्ह बर्स्ट (जंतू मारायला पेशी करते तो ऑक्सिजनच्या विषारी रूपांचा मारा) फारसा पेटत नाही. जो थोडाफार पेटतो तो निस्तरायला त्याच्याकडे ट्रायपॅनोथायोन असतं, आपल्या पेशी तिथे ग्लुटाथायोन वापरतात.

टॉक्सोप्लाझ्माची तऱ्हाच वेगळी. तो गिळला जायची वाट बघत नाही, स्वतः घुसतो. घुसताना पेशीच्या पडद्याची पिशवी बनते पण यजमानाची बरीचशी प्रोटीन्स दारातच गाळली जातात, म्हणून लायसोसोम त्या पिशवीला जाऊन मिळतच नाही. गंमत म्हणजे त्यालाच अँटिबॉडी लावून दिला की तो एफसी रिसेप्टरमधून (अँटिबॉडी पकडणाऱ्या दारातून) गिळला जातो, लायसोसोम येतं आणि मरतो. आणि ट्रिपॅनोसोमा क्रूझी (चागस रोगाचा परजीवी) तर पिशवी फोडून सरळ सायटोप्लाझममध्ये येऊन राहतो.

धागाकर्ती:
अरे वा, आता डोक्यात उजेड पडला! म्हणजे एलपीजी काढून टाकलं की लिशमॅनिया खलास, असं लिहू का?

गवतीचहा:
डोनोव्हानीबद्दल लिही, एलपीजी नसलेले त्याचे म्युटंट मॅक्रोफेजमध्ये टिकत नाहीत. पण सगळ्या लिशमॅनियाला लावू नकोस, लिशमॅनिया मेक्सिकाना या दुसऱ्या जातीचं एलपीजीवाचूनही चालतं. परीक्षक नेमकं तिथेच पकडतात.